चिंचेनं घासलेली कांडी

मार्गशीर्ष शु. ३
कांडी आली एकदाची. ह्यांनी हैदराबादेहून आणली. हंड्यात उभी करायची, बटन दाबायचं, पाणी कढत. कापसाच्या जिनिंगाचं इंजन पहाटेच सुरू होतं. त्याची वीज आम्हा मुनिमांच्या घरात दिव्याला होती, आता कांडीलाही. बंबाची खोली आता अडगळीची. लग्न झाल्यापासून रोज पहाटे बंबापुढं बसून पऱ्हाट्यांचं जळण सारलं, डोळ्यांचं पार वाटोळं झालं. धुरामुळं तिकडं कुणी फिरकायचं न्हाई, तेवढं एक बरं होतं. उर्दूचं पहिलं पुस्तक तिथंच, जाळाच्या उजेडात संपवलं.

हे म्हणाले, "आता सकाळ तुझी. फाल्गुनात उर्दूची परीक्षा दे, मुलींच्या सरकारी शाळेत मास्तरीण हो." सासूबाईंच्या, आमच्या आत्याबाईंच्या, देखत म्हणाले! त्या उठून देवघरात गेल्या. त्यांचं असं उठून जाणं मला ठाऊक आहे.

शु. ४
इंजनावरचे मिस्त्री, खाजामियाँ, येऊन तार जोडून गेले. त्यांची पाठ वळली आणि आ.बा. म्हणाल्या, "त्याचा हात लागलाय. चिंच लावून वरपासून खालपर्यंत घास. माझ्या सोवळ्याचं पाणी हाय." घासली. वरच्या काळ्या टोपीसकट, तार आत जाते तिथं बोटं घालून. भांड्यासारखी धुऊन काढली.

शु. ५
हंड्याला हात लावला, खांद्यापर्यंत झिणझिण्या. किंचाळले. हे म्हणाले, "तुला विजेचा धसकाच लई." मग स्वतः हात लावला आणि पाटावरून उताणे. मला हसू आवरेना. तेवढ्यात फ्यूज उडाला, घरभर अंधार. आ.बा. गार पाण्यानं न्हाल्या आणि दिवसभर सगळ्यांना दिसेल असं कुडकुडल्या.

बंब परत पेटवला, तोवर उजाडलं. अभ्यास न्हाई.

शु. ८
मिस्त्रींनी टोपी उघडली. "मुनीमसाब, इसमें पानी कैसा गया?"
हे म्हणाले, "पाण्यातच ठेवायची चीज हाय. पाणी न्हाई तर काय दूध जाईल?"
मिस्त्रींनी शेकून वाळवली, नवी पट्टी गुंडाळली, चालवून दाखवली. ते गेले. चिंच, घासणं. मग व्हायचं तेच. झिणझिण्या, फ्यूज, बंब.

शु. ११
हे आज मिस्त्रींवर लई ओरडले. "तुमचं कामच कच्चं!" मिस्त्रीही तापले, "मेरे सामने चलती ना? मेरे पीछे उसकू क्या होता, मेरेकू क्या मालूम!" तरी बिचारे दिवेलागणीला परत दुरुस्त करून गेले. घासायची आता उद्या.

फाल्गुन काही थांबणार न्हाई माझ्यासाठी. रोज कांडीच्या नादातच उजाडतं, दुसऱ्या पुस्तकाचं एक पान पुढं सरकलं न्हाई.

शु. १३
कालपासून बाहेर बसलेय. तीन दिवस कशाला शिवायचं न्हाई, पुस्तकाला तर न्हाईच न्हाई. गोधडीखाली ठेवलंय. वाचतेय. सरस्वती कोपली तर माझ्यावर कोपेल, आ.बां.चं काय जातंय.

कांडी घासायला मी न्हाई. आ.बा. तिला शिवणार न्हाईत, घासल्याशिवाय ते पाणीही घेणार न्हाईत. गार पाण्यानं न्हातात. हे मात्र कढत पाण्यानं निवांत अंघोळ करतात, वर गाणं म्हणतात. ना झटका, ना फ्यूज.

शु. १४
आजही चालली. परसातल्या खोलीत बसून ह्यांचं गाणं ऐकलं. कावून चालतेय ही मेली? मी न्हाई म्हणून?

पौर्णिमा
न्हाले, घरात आले. आ.बां.चं पहिलं वाक्य, "ती कांडी घासून घे."
चिंच हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. टोपीतलं पाणी! मीच घालत होते की आत, या बोटांनी. आणि शिव्या खात होते खाजामियाँ.

ह्यांना सांगितलं. हसले. "खरं असंल. पण आईला सांगायचं कुणी?"
म्हटलं, तुम्ही.
"बघू. मिस्त्रीलाच काहीतरी वेगळं करायला लावतो."
आईपुढं ह्यांची दातखीळ बसते. जिनिंगात मजुरांवर खेकसतात तेव्हा कशी उघडते कोण जाणे.

वद्य १
आ.बा. दारातच उभ्या. त्यांच्याकडं पाठ करून बसले. खालची दांडी घासली, टोपीला थेंब लागू दिला न्हाई. "झाली?" "झाली." पाणी कढत. आ.बा. न्हाऊन आल्या, तोंडावर तेज. म्हणाल्या, "बघ, नीट घासलीस की चालती का न्हाई? आता रोज अशीच घासत जा."

चालतेय ना, मग झालं.

वद्य ४
चालतेय. सकाळी भिंतीला टेकून पुस्तक उघडलं. पान उलटायच्या आत हाक, "रिकामी बसलीस कावून गं? बंब न्हाई, धूर न्हाई, राणी झालीस नुसती. दळण घे." दळणाला बाई येत होती. तिला आ.बां.नी कालच नको म्हणून सांगितलं. मला आज कळतंय.

ह्यांना म्हटलं, "सकाळ माझी ना?"
"अगं, दळून झाल्यावर तुझीच की."

वद्य ७
दळण. मग फुलं, मग ताक, मग ह्यांच्या मित्रांचा चहा. पुस्तक जात्यामागं सापडलं, पिठानं माखलेलं. झटकलं. आत कुठवर आले होते तेच आठवेना.

जेवताना हे म्हणाले, "परीक्षा पुढच्या साली दे. घाई काय हाय?" भाजी नको म्हणावी इतक्या सहज. आ.बां.नी ह्यांच्यापुढं तूप सरकवलं. बोलायची गरजच काय आता. असा संताप आला की ताटं उधळून द्यावीत. वाढत राहिले.

वद्य ८
दुपारी अडगळीत गेले. बंब तसाच. बसायचा पाट, पऱ्हाट्यांची मोळी, सगळं तसंच. भिंतीवर कोळशानं गिरवलेली माझी अलिफ, बे. या घरात एवढी एकच जागा माझी होती, आणि तीच मी हौसेनं बंद करून घेतली.

हंड्याला पहिला हात माझाच लागतो. झटका बसला तर मला. खाजामियाँना पुन्हा शिव्या बसतील, हे मात्र वाईट. त्या माणसाचं काहीच चुकलेलं न्हाई. तेवढ्यासाठीच टोपीचं अजून काही ठरवलं न्हाई.

आत्ता आ.बां.नी स्वयंपाकघरातून विचारलं, "एवढी चिंच कशाला भिजत घातलीस?"
"कांडीला," म्हटलं.
"नीट घास हो," म्हणाल्या.