दासगावचा लागला

९ डिसेंबर २०२४

सातवा डबा हरिहरेश्वरच्या वाळूत लागला. वैदेहीने फोनवर खात्री केली. माझी भाची. समुद्राच्या वरच्या थरातल्या प्रवाहांचा नकाशा करते. तरंगते डबे सोडायचे. ते दर सहा तासांनी आपली जागा कळवतात. हे सात आमच्या दासगावहून होडीने नेले होते, म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकलं. वर्तमानपत्रातली मथळा छाटायची जुनी सवय— ‘दासगावचा लागला. हरिहरेश्वर.’

१० डिसेंबर

चूक! आपल्याकडे होडी किनाऱ्याला लागते, तसं मढंही लागतं.

गावातला चांगू या जुलैत कंपनीतून परतताना पुरात वाहून गेला. सापडला नाही. त्याची आई बयाबाई क्रियाकर्म करू देत नाही. ‘मढं दाखवा, मग रडते.’ बायको मंजुळा मधल्यामधे लटकलेली. आज तिचाच फोन— ‘भाऊ, कमरेला करदोरा हाय का त्याच्या?’

तो माणूस नाही, वैदेहीचा डबा आहे, सांगितलं. ‘आई तर पहिल्या एष्टीनं हरिहरेश्वरला गेल्या. आता त्यांना कोण सांगंल?’

११ डिसेंबर

बयाबाईचा पत्ता नाही.

दुपारी वैदेही— ‘मामा, सातवा चालतोय! आंबेत गावापाशी, नदीच्या मधोमध. वर येतोय.’ भरती असेल, म्हटलं. ‘रुतलेला डबा भरतीने इतका वर?’

संध्याकाळी नकाशावरचा त्याचा ठिपका दासगावला. जे मनात आलं ते लिहीत नाही.

१२ डिसेंबर

बयाबाईच्या घरी गेलो. ओटीवर डबा. त्याला चांगूचा जुना करदोरा बांधलेला. शेजारी बयाबाई. तिच्या भाच्याच्या होडीतून घेऊन आली!

‘एष्टीत कसा घालू? पाण्यानं गेला, पाण्यानंच आणला.’

समजावलं— पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेला जातो, आता उत्तरेला. चांगूचा आणि याचा काही संबंध नाही.

‘ठावं हाय. येडी नाय मी. भटजी म्हणतो, दर्भाचा माणूस करून जाळा. त्यापरास ह्यो बरा. ह्यो तिथवर जाऊन तरी आलाय.’

मंजुळा दारात उभी. पहिल्यांदाच रडताना पाहिली.

१३ डिसेंबर

वैदेहीला फोनवर सगळं सांगितलं. ‘जाळण्याआधी बॅटरी काढा, मामा. स्फोट होईल.’

कोणी काढायची? बयाबाईने माझ्याकडे पाहिलं. ‘लागला म्हणून तुमीच लिवलंत ना, श्रीधरभाऊ? मग इजवा पण तुमीच.’

उद्या सकाळी काढायची. ठिपका अजून दासगावला आहे.