नातवाचं एक अंड पोटातच राहिलं

मंगळवार, सांजच्याला

डोकं लई तापलंय. नातू चार वर्षांचा. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, याचं एक अंड पोटातच राहिलंय, पिशवीत उतरलंच नाही. वर्षाचा असतानाच ऑपरेशन व्हायला हवं होतं." दत्तूला, माझ्या पोराला, नातू जन्मल्यावरच सांगितलेलं म्हणं. लाजंनं गप बसला. "आबा, हळू बोला की, लोक ऐकतील," म्हणतोय!

आरं, कळपात बोकड ठेवायचा तर मी आधी हात लावून दोनी हायेत का बघतो. घरच्या पोराला न्हाय बघितलं. मीबी न्हाय. चार वर्षं मांडीवर घेतला, मीबी न्हाय.

सोमवारी ऑपरेशन. दत्तूला सांगितलं, "कुणी इचारलं तर पोटदुखी म्हणू नगंस. वस्तीवर अजून दोन तान्ही पोरं हायेत, त्यांच्या बापांना खरं सांग."