बोंबलांचं ऊन

आई, डिसेंबर लागला की माझं काय होतं ते यंदा पहिल्यांदा डॉक्टरांना सांगितलं. सकाळी उठवत नाही, ऑफिसात एकच मेल चार वेळा वाचावा लागतो, रडू येत नाही पण बोलावंसंही वाटत नाही. होळीच्या सुमारास सगळं आपोआप ओसरतं. हिवाळ्यात येणारं नैराश्य, त्या म्हणाल्या. मुंबईत कुठला हिवाळा, मी म्हटलं. "घरात ऊन येतं का? आणखी कुणाला व्हायचं असं?" दुसऱ्या प्रश्नावर मी "माहीत नाही" म्हटलं. ते खोटं होतं.

पवईत मी सेन्सर तपासते, म्हणून प्रकाश मोजायचं यंत्र घरी आणलं. आपलं घाटकोपरचं स्वयंपाकघर, पहिला मजला, दुपारचे बारा. थंडीत सूर्य दक्षिणेला खाली सरकतो आणि समोरच्या इमारतीमागेच राहतो. ओट्यापाशी शंभर लक्ससुद्धा नाही; उघड्या उन्हात तो आकडा लाखाच्या घरात जातो. थंडी पडली की तू आठवड्यातून चार दिवस खारदांड्याला माहेरी जायचीस, मावशीबरोबर बोंबील वाळत घालायला. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरावर टाकायची, दिवसभर उन्हात. संध्याकाळी गुणगुणत जिना चढायचीस.

एक सकाळ अजून दिसते: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तू चहा गाळते आहेस, मी दारात उभी. "आई, माझ्या कपड्यांनाही तो वास लागतो. मुली बाक बदलतात. नको ना जाऊस." तू हसतेस. "माझी सासू बरी होती गं, तिने कधी अडवलं नाय." मी हसत नाही. तू गाळणी धुऊन जागेवर ठेवतेस. "बरं. नाय जात."

त्या हिवाळ्यात तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. "नुसती पडून काय राहतेस, काहीतरी कर ना," असं मीच म्हणायचे. असे चार हिवाळे गेले. मग एका पावसाळ्यात तापाने तू गेलीस.

गेल्या रविवारी दांड्याला गेले. आकडा यंत्राच्या मर्यादेबाहेर गेला. "मोजतेस काय? हात लाव," मावशी ओरडली. "तुझी आई डोळे मिटून अडकवायची." तासाभरात माझा अर्धा दोरही भरला नाही, पण ऊन पाठीवर होतं आणि मला भूक लागली, कित्येक आठवड्यांनी. मग तिने विचारलं, "ती यायची बंद का झाली गं?"

"गुडघे दुखायचे," मी म्हटलं.

हे मावशीला वाचून दाखवावं म्हणून लिहायला घेतलं होतं. नाही दाखवणार. बोंबलांचा वास लागलेली रविवारची ओढणी मी अजून धुतलेली नाही. पण ती घेऊन ऑफिसला जायचं धाडसही झालेलं नाही.