मेधाची कुंडी

१ मे २०२१
आयर्लंडमधल्या एनिसला पोहोचलो! ऐसपैस घर, काम घरूनच, पाऊस फुकट. घरमालकीण नोरीन गॉलवेला लेकीकडे राहायला निघाली होती. जाताना तिने खिडकीत टांगलेली एक कुंडी मेधाच्या, म्हणजे आमच्या सौंच्या, गळ्यात मारली. झाडाचं नाव ॲकिमेनीज. मातीत बोटाच्या पेराएवढे खवलेदार कंद. रोज कोमट पाणी द्यायचं. एकदा कोरडं पडलं की झाड झोपतं आणि सांभाळणारीलाही झोपवतं. बाकी सगळं ‘ग्रँड’, म्हणजे इथल्या भाषेत झकास, म्हणाली. ही बाई म्हणे तीस वर्षं शिक्षिका होती! पोरांचं काय झालं असेल, देव जाणे.

४ जुलै
नवऱ्याचा चहा गार, झाडाचं पाणी मात्र कोमट. फुटवे यावेत म्हणून मेधा शेंडे खुडत बसते, कडक ऊन लागू नये म्हणून पडदा ओढते. जांभळ्या फुलांनी कुंडी झाकली गेलीय. मी मुद्दाम कौतुक केलं नाही.

९ सप्टेंबर
हरतालिका. मेधाचा निर्जळी उपास. लाहिंचच्या किनाऱ्यावरच्या वाळूची पिंड केली. सोळा पत्री इथे कुठून आणणार? मग या कुंडीचीच पानं सोळा वेळा वाहिली. देवालाही आयर्लंडमध्ये भागवून घ्यावं लागतं. दमून पडली, तेव्हा झाडाला पाणी घालायला मला सांगितलं. घातलं नाही. नोरीनचं खूळ एकदाचं मोडायलाच हवं होतं.

१० सप्टेंबर
गणपती बसले, मेधा उठली नाही. झाडानेही मान टाकलीय. डॉक्टर फोनवर म्हणाले, थकवा.

१२ सप्टेंबर
अजून झोपेतच. पाणी पाजलं तर ओठांवरून ओघळतं. बोटांवर खवले आलेत. नोरीनला फोन केला. पाणी कोणी चुकवलं, एवढंच तिने विचारलं. मी मेधाचं नाव सांगितलं. लाज वाटते. कंदांना हात लावू नका, मार्चमध्ये उठेल, म्हणाली.
मार्चमध्ये!

१३ सप्टेंबर
ॲम्ब्युलन्स बोलावलीय. तोवर मातीत काय आहे ते बघायला मागच्या अंगणात कुंडी उपडी केली. दहा कंद. कोमट. एक चुकून तुटला —
आत मेधा किंचाळली. धावलो. डोळे मिटलेलेच. उशीवर तिची करंगळी — तुटलेली — रक्त नाही, आतून पांढरी —
मी घातलं नाही पाणी. मी. तिने नाही.
तिचा हात धरून बसलोय. पुन्हा किंचाळली — आता अंगठा —
मी तर इथे आहे. अंगणात कोण —
कंद उघडेच राहिले — कावळे उतरलेत — नऊ होते, आता —