खालच्या फळीवरच्या कॅसेटी

अप्पा, काल तुमच्या नातीनं मला एक पान वाचायला पाठवलं. त्या पानावरच्या तीन ओळींमुळे मी हे लिहायला बसले आहे. मुलगी भावाचीच, पण वळण तुमचं. काम हातात घेतलं की जेवण विसरते. पुण्यात तिनं व्हिडिओ गेमचं ऑनलाइन दुकान काढलं आहे. तुम्हाला कसं सांगावं? या दुकानाला शटर नाही, बाकडं नाही, गिऱ्हाईक समोर येत नाही. फोनच्या पडद्यावर माल मांडलेला असतो, लोक घरबसल्या बोट लावून घेतात. त्या दुकानाच्या पानावर तिला दुकानामागची गोष्ट लिहायची आहे. तिनं लिहिलंय, आमच्या आजोबांचं आष्टीत टीव्ही गेमचं दुकान होतं. उतारवयात त्यांना विसर पडू लागला आणि त्या भरात त्यांनी चांगले जुने गेम बदलून देऊन टाकले. ती चूक आम्ही करत नाही, आमच्याकडे जुनं आणि नवं शेजारी शेजारी मिळेल. खाली मला निरोप होता, ‘आत्या, शुद्धलेखन बघ. सोमवारी टाकायचंय.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी लगेच काही कळवलं नाही. आज सकाळी तिचाच फोन आला, पण पानाबद्दल नव्हे. पडदा उघडल्याबरोबर समोर काय ठेवायचं, नवीन की जुनं, यावर तिची आणि तिच्या भागीदाराची जुंपली होती. “आत्या, नवीन गेम आला की पंधरा दिवस लोक तुटून पडतात, मग त्याला कुत्रं विचारत नाही. जुना रोज एखादा जातो, पण वर्षभर जातो. भागीदार म्हणतो जुनं मागे ढकल, दुकान जुनाट दिसतं. तू काय केलं असतंस?” दुकान बंद झाल्यावर मी शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं, मला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. तिला म्हटलं, “जुनं कोण घेतं ते आधी बघ. ते कधी येतात, कुठून येतात ते बघ. मग ठरव.” ती म्हणाली, “वा! हे तुला कसं सुचलं?” मी म्हटलं, “अनुभव.” आणि फोन ठेवला.

अनुभव माझा नव्हता. अप्पा, ते दुकान मला आजही डोळ्यांपुढे स्पष्ट दिसतं. गल्लीगल्लीत डिशच्या वायरी आल्या आणि रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले, तेव्हा तुम्ही पुढच्या खोलीत दोन टीव्ही मांडून गेम लावले. मागच्या खोलीत दुरुस्ती चालूच राहिली. सकाळी तुम्ही एकेक कॅसेट उचलता, तोंडानं फुंकर मारणाऱ्या पोरांवर ओरडता, “थुका कावून उडवता रे, स्पिरिट हाय की!” आणि कापसानं तिचे पितळी दात पुसता. नव्या कॅसेटी नगरच्या व्यापाऱ्याकडून यायच्या, आणि तो अदलाबदलीशिवाय देत नसे. एक नवी हवी तर तीन जुन्या परत. म्हणजे नवीन आणायचं ठरवलं की काय घालवायचं हेही त्याच दिवशी ठरवावं लागायचं. तुम्ही त्यासाठी एक रीत पाडली होती. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या बाजाराला येत. ट्रक भरायच्या आधी त्यातले किती तरी जण आपल्या दुकानी एक डाव खेळून जात. उठताना तुम्ही प्रत्येकाला विचारायचे, “आल्यावर कोणची लावू?” तो सांगेल ती कॅसेट खालच्या फळीवर जायची. गुढीपाडव्यानंतर टोळ्या परत येईपर्यंत ती फळी व्यापाऱ्यासाठी बंद. वरच्या फळीवर काय वाटेल ती उलथापालथ करा.

मी नगरहून बी.कॉम. होऊन आले होते आणि मला ती फळी डोळ्यांत खुपत होती. सहा महिने माल पडून राहतो, त्याला कुणी हात लावत नाही, याला माझ्या पुस्तकात एकच नाव होतं, डेड स्टॉक, म्हणजे मेलेला माल. त्या पौषात घाटनांदूरला तुमची बहीण अंथरुणाला खिळली आणि तुम्ही महिनाभर तिच्याकडे गेलात. एसटीत चढताना म्हणालात, “सगळं तुझ्या मनानं कर, बाई. फक्त खालच्या फळीला हात लावू नको.” आठच दिवसांत स्टँडजवळ दुसरं दुकान निघालं. तिथं सगळं नवीन. कडा गावाहून साखर कारखान्याच्या लोकांची पोरं सायकलीवर यायची ती तिकडेच वळायला लागली. आपली दोन्ही बाकडी रिकामी. मी तीन दिवस वाट पाहिली, चौथ्या दिवशी खालची अख्खी फळी पिशवीत भरून नगर गाठलं. दुकान पुन्हा भरलं, अप्पा. बाकड्यावर जागा मिळेना. माझा अंदाज त्या हिवाळ्यापुरता अगदी बरोबर होता.

तुम्ही आलात, चप्पल काढली, फळीकडे पाहिलं. म्हणालात, “जागा लई झाली की.” एवढंच. तुम्ही ओरडाल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, ती सगळी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुम्ही काही न सांगता नगरला गेलात आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आलात. व्यापाऱ्यानं माल पुढं कुठं कुठं पाठवून दिला होता.

मग पाडवा झाला आणि टोळ्या आल्या. ते नवरा-बायको तुम्हाला आठवत असतील. दोघंही कोयत्यावरची, तिशीच्या आतबाहेर. त्यांचा एकच गेम, रणगाड्यांचा. खाली विटांच्या आडोशाला एक पाखरू असतं, शत्रूचे रणगाडे वरून येतात, दोघांनी मिळून ते पाखरू वाचवायचं. आदल्या दिवाळीत ती दोघं अख्खी दुपार खेळली होती. तो वर लढायला जायचा, ती पाखराजवळ थांबायची आणि त्याला शिव्या घालायची. दुकानात बाईमाणूस खेळायला बसतं म्हणून पोरं दारात गोळा झाली, तर तुम्ही त्यांना हाकलून दिलंत. उठताना तुम्ही विचारलंत आणि तीच म्हणाली होती, “हीच ठिवा अप्पा. औंदा हरलो, आल्यावर बघते.”

भर दुपारी ती दोघं दारात उभी आहेत. उन्हानं काळी पडली आहेत, तिच्या हाताला चिंधी बांधलेली आहे. ती आत येता येताच म्हणते, “लावा अप्पा आमची. ह्या टायमाला मी वर जानार हाय, ह्यांला बसू द्या पाखराजवळ.”

“बसतो की,” तो म्हणतो. “तू गेलीस वर की पाखरू दोन मिनटांत उडतंय.”

“उडू द्या. घरात तर रोज मीच ऱ्हाते.”

तुम्ही खालच्या फळीकडे बघता. मी गल्ल्यामागून म्हणते, “तो गेम नाही आता. जुना झाला होता. गाड्यांच्या शर्यतीचा आलाय, तो लावते.”

“जुना?” ती माझ्याकडे बघते. रागानं नाही, खरंच समजून घ्यायला बघते. “आमी तर एकदाच खेळलो की वो, ताई. आमी गेलं की जुना व्हतो व्हय?”

मी तोंड उघडणार होते. काय बोलणार होते ते मला पक्कं आठवतं. दुकान कुणासाठी थांबत नाही, असं म्हणणार होते. त्याआधी तुम्ही म्हणालात, “माझीच चूक, माय. मीच दिली बदलून. ध्यानातच ऱ्हायलं न्हाई.”

तो हसला. “आरं, अप्पांची याद म्हंजे लई पक्की म्हनायचे लोक! आता काय खरं न्हाई तुमचं.” तीही हसली. तुम्हीही हसलात. मी वहीत मान घालून बसले होते, ती वर केली नाही. त्यांनी शर्यतीचा गेम लावून पाहिला. ती चार वेळा कठड्याला धडकली, मग रिमोट बाकड्यावर ठेवला. “हाताला बसंना ह्यो,” म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन उन्हात निघाली. तो मागून. त्यानंतर ती दोघं आपल्या दुकानात आली नाहीत.

त्या महिन्यात तसे आणखी नऊ-दहा जण आले. प्रत्येकाला तुम्ही तेच सांगितलं. मीच दिली, ध्यानात राहिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी नुकती दुकानात बसायला लागली आहे, गिऱ्हाईकाच्या मनातून उतरायला नको. पण गावात बोलण्याला पाय फुटतात. आधी चहाच्या टपरीवर चेष्टा झाली. मग कुणीतरी टीव्ही दुरुस्तीला आणता आणता थांबला, अप्पा आता कुठली वायर कुठं जोडतील नेम नाही म्हणून. पावसाळा सरेपर्यंत मागच्या खोलीतलं टेबल रिकामं पडलं. तीस वर्षं ज्या हातांवर लोकांनी डोळे झाकून भरवसा ठेवला, त्या हातांना काम उरलं नाही. भाऊ जेवताना म्हणाला, “अप्पा, आता आराम करा, तुमच्यानं होत नाही.” तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. मी भाकरी वाढत होते. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. भाकरी वाढून झाली, ताटं उचलून झाली, आणि ते वाक्य तसंच राहिलं.

त्या दसऱ्याला तुम्ही मला रबरी शिक्का करून दिलात, दुकानाच्या नावाखाली माझं नाव आणि त्याखाली प्रोप्रायटर. “आता कोणची ठिवायची, कोणची न्हाई, तू ठरव,” म्हणालात. ते बक्षीस होतं की बोलणी, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही. दिवाळीनंतर टोळ्या बाजाराला आल्या तेव्हा मी तुमच्यासारखंच दारात उभी राहून विचारायला लागले, “आल्यावर कोणती लावू?” एक जण म्हणाला, “लावा कोनचीबी, ताई.” दुसरा नुसता हसला. तिसऱ्याला मी विचारलं नाही. तुम्ही मागच्या खोलीत रिकाम्या टेबलाशी बसून सगळं ऐकत होता. चार वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा मयतीला आलेले लोकही म्हणाले, शेवटी शेवटी बिचाऱ्यांना काही आठवत नव्हतं. तुम्हाला शेवटच्या दिवसापर्यंत कुणाची कॅसेट कोणती, हे माणसागणिक आठवत होतं. मला ठाऊक होतं. एकटीला ठाऊक होतं.

त्या गोष्टीचं पुढं घरातल्या गमतीत रूपांतर झालं. भाऊ लग्नाकार्यात सांगायचा, अप्पांनी एकदा सगळा चांगला माल कसा देऊन टाकला, आणि लोक हसायचे. मी शिस्तीची बाई म्हणून प्रसिद्ध आहे. वर्गात एका पोरानं दुसऱ्याच्या नावावर खोटं ढकललं तर मी दोघांना उभं करून खरं काढून घेत असे. पण त्या गमतीच्या वेळी मी दर वेळी पाणी आणायला उठले. भावाची मुलगी ते ऐकत वाढली. तिनं लिहिलं त्यात तिचा दोष काय?

आज दुपारी मी ते पान छापून आणलं, लाल पेन घेतला आणि बसले. घरात घड्याळाशिवाय आवाज नव्हता. शेजारची सून एरवी डोकावते, ती माहेरी गेली आहे. पहिल्यांदा मी लिहिलं, आमच्याकडून जुने गेम बदलले गेले. मग ते वाचलं. शाळेत एखाद्या मुलीनं असं लिहिलं असतं तर मी समासात विचारलं असतं, कोणाकडून? खोडलं आणि पुन्हा लिहिलं: परगावी मजुरीला जाणारी माणसं परत आल्यावर त्यांना त्यांचा गेम मिळावा म्हणून आजोबा तो सांभाळून ठेवत. ते गावी नसताना मी ते सगळे देऊन टाकले. दोष त्यांनी स्वतःवर घेतला. त्यांना विसर पडत नव्हता. जुनं कशासाठी ठेवायचं हे या दुकानानं त्यांच्याकडून घेतलं आहे.

फोटो काढून पाठवला. थोड्या वेळानं फोन आला.  ती म्हणाली, “आत्या, हे असंच टाकू? सगळं तुझ्यावर येतंय.”

“माझ्यावरच आहे ते.”

“बाबांना माहितीय?”

“नाही.”

“मग मी सांगू का?”

“मी सांगते,” म्हटलं. ती म्हणाली, “तू आजोबांना कधी बोलली होतीस का?” मी म्हटलं, “तुझा भागीदार वाट बघत असेल, काम कर.” तिनं फोन ठेवला नाही, मीच ठेवला.

अप्पा, मी फार मोठं काही केलं असं समजू नका. त्या टोळीतली माणसं कुठं गेली मला माहीत नाही, टपरीवरचे चेष्टा करणारे बहुतेक गेले, मागच्या खोलीत टीव्ही आणणारे गेले, तुम्ही तर केव्हाच गेलात. ज्यांच्यापुढे माझी मान खाली गेली असती त्यांतलं फारसं कुणी उरलं नाही, म्हणून हे जमलं. एक भाऊ उरला आहे. त्याचा नंबर दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला.

आज, शनिवारी दुपारी भाचीकडे दिलं: तिच्या मजकुराचं एक पान, तीन ओळी खोडलेल्या, त्यांच्या जागी पाच वाक्यं माझ्या हातची, खाली माझी सही. भावाकडे काही दिलेलं नाही. हे पत्र कुणाकडेच दिलेलं नाही.