आरतीला मी क्षमा केली

रविवार, १२ जानेवारी २०२५

दिली साक्ष! चर्चच्या उपासनेत, सगळ्यांसमोर उभी राहून. "सासूबाई आठ दिवस अंथरुणावर होत्या. माझ्या धाकट्या जावेनं, आरतीनं, मला कळवलंसुद्धा नाही. डोळे मिटल्यावर फोन केला. पाच वर्षं मनात अढी होती. पण प्रभूनं माझं मन बदललं. मी तिला क्षमा केली."

अर्ध्या बायकांचे पदर डोळ्यांना! पाळकसाहेब म्हणाले, "मोनिकाताई, याला म्हणतात नवा जन्म. दोन फेब्रुवारीला तुमच्या सासरच्या गावी मोठी उपासना आहे. तिथं हीच साक्ष द्या."

येताना पेढे घेतले.

सोमवार, १३ जानेवारी

एक राहिलंच — क्षमा केल्याचं आरतीला सांगायचं.

रविवार, १९ जानेवारी

नगरहून पाथर्डीची एसटी, पुढं गावापर्यंत जीप. माझ्या आधी साक्ष गावात पोचलेली! वाटेत दोघींनी थांबवून सलाम केला.

आरती भाकरी थापत होती. म्हटलं, "आरती, मी तुला क्षमा केली." तिचा हात थांबला. तिचा नवरा, रविराज भाऊजी, काहीतरी बोलायला लागले, तर तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग मला म्हणाली, "बरं, ताई. जेवूनच जा."

एवढंच! ना डोळ्यांत पाणी, ना चुकलं म्हणणं. काय बाई मन तरी!

बुधवार, २२ जानेवारी

त्या "बरं"चा अजून राग येतोय. क्षमा करूनही राग! प्रार्थनेला बसले, तर देवाकडेही तिचीच तक्रार.

सोमवार, २७ जानेवारी

गावच्या शेजारीण भागूबाई डोळे तपासायला नगरला आल्या होत्या. शेवटच्या दिवसांत सासूबाईंच्या उशाशी त्याच असायच्या. चहा हातात घेतला, प्यायल्या नाहीत.

"तुमच्या साक्षीपायी आरतीशी बाया बोलंनात. गिरनीत दळान टाकून एकटीच उभी ऱ्हाती. तिनं मला शपथ घातलीया, पर आता न्हाई सोसत. ती फोन लावीत हुती वो! म्हातारीनंच हात धरला तिचा. म्हनली, 'मोनिकाला नगं बोलवू. ती आली की मोठ्यानं प्रार्थना करती, माझी पापं इचारती. मला गपगुमान जाऊ दे.'"

"मग आरतीनं मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय करायचं? म्हनली, ताईंना लई लागंल. माझ्यावरच राहू द्या."

पाच वर्षं! तिनं माझी बोलणी खाल्ली, वर मी गेले की गरम भाकरी वाढली.

मंगळवार, २८ जानेवारी

आठवलं. सासूबाईंना मी शेवटचं भेटले ती दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा त्या तापानं निपचित पडल्या होत्या. स्तोत्र वाचलं, पुन्हा वाचलं. विचारलं, "आई, एखादं पाप कबूल करायचं राहिलंय का?" त्या तांब्याकडे बोट दाखवत होत्या. मी म्हटलं, "आधी आमेन म्हणा."

त्यांना पाणी हवं होतं.

शनिवार, १ फेब्रुवारी

मुक्कामालाच गावी आले. आरती चुलीपुढं होती, शेजारी खाली बसले. पाठ केलेलं सगळं विसरले. "मला कळलं," म्हटलं, आणि रडूच फुटलं. माफी मागायची होती, धड शब्द येईनात.

तिनं पिठाचा हात पदराला पुसला, माझ्या पाठीवर ठेवला. म्हणाली, "भागूबाईला काही बोलू नका हं, ताई. म्हातारं माणूस आहे."

रविवार, २ फेब्रुवारी

साक्षीला उभी राहिले. "मागं सांगितलं ते उलटं होतं. आरतीचा काही दोष नव्हता, दोष माझा. क्षमा मी नाही केली, तिनं केली." बसले. पाळकसाहेब नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "मोनिकाताई, प्रार्थना करा." मी म्हटलं, "आज आरती करेल."

चर्चमध्ये ती मोठ्यानं कधी बोललेली नाही. उभी राहिली. माझा हात घट्ट धरला.

"देवा, आमच्या ताई आल्या. आमेन."