शहिदाला आंघोळ घालत नाहीत

ताला अमरान, अल्जीरिया
ऑक्टोबर १९७२

प्रिय अक्ली भाऊजी,

पाकिटावर माझं नाव बघून हे पत्र चुलीत घालू नका, आधी वाचा. लिहितेय मलहा, बोलतेय मी. तुमची पुतणी आता शाळेत शिकवते, त्यामुळे मध्येमध्ये माझी वाक्यं सुधारायला बघते. तिला म्हटलं, तोंडातून येतंय तसंच लिही, काकाला माझं तोंड माहीत आहे. अंजीर यंदा भरपूर झाले. तुमच्या वाट्याच्या झाडाचे मी दरवर्षी वाळवून ठेवते. रागात होते तेव्हाही ठेवत होते.

चौदा वर्षं मी तुमच्याशी बोलले नाही. स्वातंत्र्याच्या लढाईत त्या साली तुमचे दादा आणि गावातला लूनिस फ्रेंच फौजेच्या कैदेच्या छावणीतून निसटले आणि चार दिवसांनी पुन्हा सापडले. ट्रकमधून परत नेताना भरदुपारी अख्ख्या गावाने दोघांना जिवंत पाहिलं. लूनिसचा पाय सुजला होता, ह्यांनी त्याला खांद्याचा आधार दिला होता. दुसऱ्या सकाळी छावणीवाल्यांचा निरोप आला: अरेझ्की आणि लूनिस पुन्हा पळताना ठार, मढी घेऊन जा. तुम्ही दोघांना स्वतः घोंगड्यांत शिवून बंद करून खेचरावरून आणलंत. मी पाणी तापवून बसले होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादा शहीद आहे. शहिदाला आंघोळ घालत नाहीत. अंगावरच्या कपड्यांत, आहे तसा जाईल." मी तुमच्या छातीवर बुक्क्या मारल्या, पण तुम्ही एक टाका उसवू दिला नाहीत. मला वाटलं, पाठीत गोळ्या आहेत आणि ती लाज तुम्ही झाकताय.

मग लूनिसची आई, धेबियाकाकू, पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझा नवरा पळाला नसता तर माझा पोरगा वाचला असता. सुजल्या पायाचं पोर कुठे पळणार होतं?" त्या दिवसापासून मलहा पळपुट्याची पोर झाली. स्वातंत्र्य आलं तरी ते नाव सुटलं नाही. तिचं जमलेलं लग्न त्यावरूनच मोडलं. (हे लिहिणार नाही म्हणत होती, मी लिहायला लावलं.) तुम्ही दरवेळी गावसभेत उभं राहून भावासाठी भांडलात, आणि मी मात्र तुम्हाला घरात पाऊल ठेवू दिलं नाही. शेवटी तुम्ही कंटाळून समुद्रापलीकडच्या कारखान्यात निघून गेलात.

आता खरं सांगते, मलहालाही हे आत्ताच कळतंय. मनातल्या मनात मीसुद्धा म्हणायचे, पळाले असतील, जीव कुणाला नको असतो. एवढी वर्षं त्यांना शहीद मानणारे तुम्ही एकटे होतात. मी, त्यांची बायको, नव्हते.

गेल्या सोमवारी शहिदांच्या अस्थी नव्या कबरस्तानात न्यायला गावाने खणायला घेतलं. तुमच्या दादांना तिथे जागा द्यायची की नाही, यावर अजून वाद चाललाच होता. अशा वेळी बायका जात नाहीत, पण धेबियाकाकू जाऊन खड्ड्याच्या कडेला बसली आणि तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. मग मीही गेले. घोंगडी कुजून गेली होती. भाऊजी, ह्यांचे दोन्ही घोटे एकत्र करून वर तार पिळलेली होती. शेजारी लूनिसच्या पायांनाही तशीच. असा माणूस उंबऱ्यापर्यंतसुद्धा जाऊ शकत नाही. त्या दिवशी मला घोंगडी उघडू दिली असतीत, तर ती तार मीच सर्वांत आधी सोडून फेकली असती आणि पुरावाच गेला असता. मग एकटी ओरडत बसले असते, आणि लोक म्हणाले असते, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय.

तुमचे उपकार कसे मानू, मला कळत नाही. नवऱ्याचं नाव परत दिलंत, पोरीला बाप परत दिलात. धेबियाकाकू घरी गेली. संध्याकाळी गरम भाकरी घेऊन आली, मलहाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या काकाने माझ्या पोराचीही साक्ष राखली." तिघींनी मिळून खाल्लं आणि पोटभर रडलो.

दफन ह्याच शुक्रवारी करायचं ठरलं होतं. मी सभेत जाऊन सांगितलं, थांबा. लूनिसला कबरीत उतरवायला घरचा पुरुष उरलेला नाही. काकू म्हणते, अक्लीच उतरवेल, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. तुमच्या दादांसाठी माझंही तेच म्हणणं आहे. दोघांना मशिदीत शेजारी शेजारी ठेवलंय. भाऊजी, मी चुकले. घरी या. तुम्ही येईपर्यंत त्यांच्यावर कुणी मूठभर माती टाकणार नाही, असं मी सगळ्या गावाकडून कबूल करून घेतलंय.

तुमचीच,
फेरुजावहिनी